छातीतले रान आणि डोळ्यांतली फुंकर

“दुसऱ्याच्या अंगात रुतले, की ते लाकडात रुतले.”

पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांची ही म्हण मी प्रथम वाचली, तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते. काटा माझ्या पायात असला तर तो काटा. सोबत्याच्या पायात असला तर तो लाकडात ठोकलेला खिळा! इतके कोरडे बोलणारी माणसे असतील तरी कशी, असे मनात आले. पुढे आणखी म्हणी वाचीत गेलो. “पुरुष रडत नाही.” “अप्रतिष्ठा आणि मरण ह्यांतून निवडावयाचे तर मरण बरे.” “डोळे कितीही लाल झाले, तरी त्यांतून आग पेटत नाही.” माझा ग्रह पक्काच होत चालला. वाटले, भावनेला ह्या लोकांनी घराच्या मागल्या खोलीत कोंडून ठेवलेले दिसते. ती पाहुण्यांपुढे येऊ नये, आलीच तर तोंड झाकून यावी.

हा ग्रह चुकीचा होता. तो का चुकला, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण ती चूक एका परक्या लोकसमूहापुरती राहत नाही. जो बोलत नाही त्याला काही वाटत नाही, असे आपण आपल्या घरातल्या माणसांविषयीही किती सहज समजून चालतो!

अकान हे घानाच्या दक्षिण व मध्य भागांत आणि शेजारच्या कोत दिव्वारच्या पूर्वेकडील प्रदेशात राहणाऱ्या अनेक समाजांचे समाईक नाव. असांते, फान्टी, अक्येम, अक्वापिम ही त्यांतली काही. त्यांच्यापैकी बहुतेकांत कूळ आईकडून चालते. त्यांच्या भाषेच्या एका मोठ्या शाखेला ट्वी म्हणतात. ह्या भाषेतील म्हणी प्रथम मोठ्या प्रमाणावर छापल्या त्या योहान गॉटलीब क्रिस्टालर ह्या जर्मन मिशनऱ्याने. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहात ३,६०० म्हणी आहेत. क्रिस्टालर बासेल मिशनचा होता. हे मिशन आपल्याला अगदीच अपरिचित नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांवर जी मंगळुरी कौले चढली, त्यांचे कारखाने ह्याच मिशनने मंगळूरला काढले होते.

क्रिस्टालरच्या संग्रहातून निवड करून रॅट्रे ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्याने पुस्तकाला जे उपशीर्षक दिले, त्याचा अर्थ होतो ‘एका रानटी लोकांचे आदिम नीतिशास्त्र’. हे शब्द आज वाचताना अंगावर शहारा येतो. रॅट्रेने पुढे असांते लोकांचा वर्षानुवर्षे कसून आणि आस्थेने अभ्यास केला हे खरे. परंतु ह्या मुखपृष्ठाने वाचकाला आधीच एका खुर्चीत बसवून ठेवले, आणि खुर्ची उंचावर होती. १९५८ साली अक्रोफी ह्या अकान विद्वानाचा संग्रह निघाला. त्यानंतरचा सर्वांत मोठा संग्रह पेगी अपिया, त्यांचे तत्त्वज्ञ चिरंजीव क्वामे अँथनी अपिया आणि आयव्हर अग्येमान-दुआ ह्यांचा. त्यात सात हजारांहून अधिक म्हणी आहेत. ह्या पेगी अपिया म्हणजे १९४२ साली योजना घेऊन आपल्याकडे आलेल्या स्टॅफर्ड क्रिप्स ह्यांच्या कन्या. १९५३ साली त्यांनी जो अपिया ह्यांच्याशी लग्न केले आणि कुमासीला संसार थाटला. बापाची योजना आपण परत पाठविली. मुलीने मात्र परक्या देशात जाऊन तिथल्या म्हणी जन्मभर वेचल्या. तिच्या संग्रहाच्या नावाचा अर्थच ‘मला म्हण सांग’ असा आहे. रॅट्रेच्या उपशीर्षकाशेजारी हे नाव ठेवून पाहावे, म्हणजे मधल्या काळात किती पाणी वाहून गेले ते कळते.

संग्रहकर्त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही संग्रहात एक खोट असतेच. क्रिस्टालरच्या ग्रंथात म्हणी वर्णानुक्रमाने लावल्या आहेत. वहीत दाबून ठेवलेली फुले जशी रंगाने फुलेच असतात, पण ती कोणत्या फांदीवर होती हे कळत नाही, तशी ह्या म्हणींची अवस्था होते. घानाचे विद्वान क्वेसी यांका ह्यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात ह्याच मुद्द्यावर भर दिला: म्हण ही कोणीतरी, कोणालातरी, कोणत्यातरी प्रसंगी म्हणतो, आणि तिचा अर्थ त्या प्रसंगात असतो. लाकडात रुतलेल्या काट्याची म्हण पुन्हा वाचा. ती कोण कोणाला म्हणेल? सुखी माणूस ती स्वतःविषयी अभिमानाने म्हणणार नाही. ज्याच्या दुःखाकडे कोणी पाहिले नाही तो उसासा टाकून म्हणेल. किंवा घरातले वडील माणूस, दुसऱ्याची कळ न ओळखणाऱ्या मुलाला कानपिचकी म्हणून ऐकवील. जी म्हण मी निर्दयतेची कबुली समजलो होतो, ती निर्दयतेविरुद्धची तक्रार आहे. छापील पानावर आवाज उमटत नाही, म्हणून मला ती तक्रार ऐकू आली नव्हती.

आवाज परत मिळवावयाचा तर म्हणींच्या आधी शब्दांकडे पाहावे लागते. ट्वीमध्ये भावनांची नावे पुष्कळदा शरीराच्या अवयवांवरून घडतात. राग म्हणजे ‘आबुफू’: ‘बो’ म्हणजे छाती, आणि तिच्यात तण माजणे. मत्सर म्हणजे ‘अहोयाव’, अंगाचे दुखणे. दयाळूपणा म्हणजे ‘अयामये’, पोट चांगले असणे. आनंद म्हणजे ‘अनिजे’: ‘अनि’ म्हणजे डोळा, आणि त्या डोळ्याला काही लाभणे. लाज म्हणजे ‘अनिवू’: डोळा मरणे. मन शांत झाले म्हणजे छाती पोटात उतरली असे म्हणतात. मराठी वाचकाला ही बोली समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याचे बरे झाले की आपल्या पोटात दुखते, लेकरू दिसले की डोळे निवतात, आणि ओशाळलो की आपणही मेल्याहून मेल्यासारखे होतो.

पण साम्याच्या कौतुकात एक गोष्ट निसटू नये. अकान भाषेने आनंद आणि लाज ह्या दोघांना डोळ्यांत जागा दिली. डोळा हा असा अवयव, की ज्याने आपण जगाला पाहतो आणि जग प्रथम आपल्याकडे पाहते ते तिथेच. लाज ही एकट्याने वाटून घेण्याची गोष्ट नाही. पाहणारा समोर असला म्हणजेच डोळा मरतो. उलट राग छातीत वाढतो, आणि तो कसा वाढतो? तणासारखा. अकान प्रदेश दाट पावसाचा, जंगल तोडून शेती करण्याचा. तिथे साफ केलेल्या जमिनीकडे काही दिवस पाहिले नाही, की रान पुन्हा माजते. ज्यांनी रागाला हा शब्द दिला, त्यांनी राग येणे हे पाप मानले नसावे असे मला वाटते. तण कोणाच्याही शेतात उगवते. दोष उगवण्याचा नाही, निगा न राखण्याचा आहे.

रागाविषयीच्या म्हणी ह्या दृष्टीने वाचल्या म्हणजे उलगडतात. “राग पाहुण्यासारखा आहे, तो एकाच घरी राहत नाही.” म्हणजे तो माझ्याकडे आज आला, तुझ्याकडे उद्या येईल, तेव्हा माझ्यावर हसू नकोस. तसेच, पाहुणा आहे, जाईलही. त्याला घरमालक करू नकोस. एकाच वाक्यात क्षमाही आहे आणि ताकीदही. लाल डोळ्यांतून आग पेटत नाही, ही म्हण तर अडिंक्रा नावाच्या छापील चिन्हांत जाऊन बसली आहे. रागावलेल्या माणसाला ‘तू रागावू नकोस’ असे ती सांगत नाही. डोळे लाल झाले आहेत हे ती मान्य करते; एवढेच विचारते की ह्या लालीवर चूल पेटणार आहे काय? अडिंक्रातच काळजाच्या आकाराचे एक चिन्ह आहे. ‘काळीज असू दे’ ह्याचा त्यांच्याकडे अर्थ ‘धीर धर’. आणि धीराविषयीची त्यांची प्रसिद्ध म्हण अशी: “धीराने मुंगी चिरली, तर तिची आतडीसुद्धा दिसतात.” संयमाला इतके बारीक, इतके उद्योगी रूप देणारी म्हण मी दुसरीकडे वाचलेली नाही. हा संयम हात बांधून बसत नाही. तो नीट पाहतो.

भावनेला वळण लावण्याचे काम म्हणींनी केवळ अर्थाने केले नाही, तर स्वतःच्या अस्तित्वाने केले. “शहाण्या मुलाला म्हण सांगतात, उघड शब्द नव्हे,” असे अकान म्हणतात. उघड शब्द अंगावर येतो. म्हण मध्ये पडते. ती वाडवडिलांची असते, म्हणून बोलणारा आणि ऐकणारा दोघेही तिच्या आड थोडे सावरू शकतात. राजाच्या दरबारात ह्या रीतीने मूर्त रूप घेतले आहे. राजा लोकांशी थेट बोलत नाही. ‘ओक्येआमे’ नावाचा त्याचा प्रवक्ता बोलतो. राजाचा रागीट शब्दही त्याच्या मुखातून घडीव होऊन बाहेर पडतो. त्याच्या हातातील दंडाच्या टोकावर सोन्याने मढविलेली कोरीव आकृती असते, आणि ती आकृती म्हणजे एक म्हण. त्यांतली एक सुप्रसिद्ध आहे: हातात धरलेले अंडे. सत्ता अंड्यासारखी आहे; आवळून धरली तर फुटते, सैल धरली तर निसटते. ही म्हण सत्तेची असली, तरी मला ती साऱ्या भावनाविचाराची किल्ली वाटते. राग, प्रेम, दुःख, सर्वांनाच तो हात हवा असतो.

घराच्या उंबऱ्याआत मात्र अंडी फुटतातच, आणि अकान म्हणी घराविषयी बोलू लागल्या म्हणजे त्यांचे तेज वाढते. “कोंबडीचा पाय पिल्लावर पडतो, पण पिल्लाला मारीत नाही.” आईच्या कठोरपणाचे इतके नेमके माप कोणते? तो भार आहे, पण जिवावरचा नाही. “कुटुंब रानासारखे असते, दुरून पाहिले तर एक, जवळ गेले की प्रत्येक झाड आपापल्या जागी उभे.” दोन मगरी आणि दोघींत मिळून एकच पोट, अशी एक आकृती त्यांच्या चिन्हांत आहे, पोट एक असूनही घासासाठी भांडतातच, कारण चव घशाला कळते. आणि सर्वांत झोंबणारी ही: घरातला खडा पायाला कापतो तेव्हा परक्या सुरीपेक्षा अधिक दुखते.

ह्या खड्याची गोष्ट पुढे फार मजेदार झाली. घानाच्या बाजारांत छापील कापडांच्या नक्षींना नावे असतात, आणि ती नावे पुष्कळदा म्हणींवरून पडतात. ‘घरातला खडा’ हे एका अतिशय लोकप्रिय नक्षीचे नाव आहे. “अस्सल मणी खुळखुळत नाहीत” हे दुसरीचे. जावेशी किंवा सवतीशी तोंडाने भांडावयाची सोय नसेल, तर बाई ते कापड नेसून तिच्यासमोरून जाते. एक शब्दही बोललेली नसते, आणि बोलायचे काही उरलेलेही नसते. ह्याला भावना दडपणे म्हणावे काय? मला तर हे भावनेचे वक्तृत्वच वाटते. फक्त ते जिभेवरून हलून पदरावर आले आहे.

आता “पुरुष रडत नाही” ह्या वचनाकडे येऊ. अकान जीवनात सर्वांत मोठा सार्वजनिक प्रसंग म्हणजे मृताचा उत्तरविधी. तिथे माणसे लाल व काळ्या वस्त्रांत जमतात आणि आक्रोशाला पुरती मोकळीक असते. क्वाबेना न्केटिया ह्या थोर संगीतज्ञाने १९५५ साली अकानांच्या शोकगीतांवर ग्रंथ लिहिला. ही गीते बायका गातात. त्यांत मृताचे पूर्वज, त्याचे गाव, त्याचे गुण ह्यांची आठवण निघते. रडण्यालाच रचना मिळते. मग पुरुषांचे काय? ट्वी ही सुरांच्या चढउताराने अर्थ बदलणारी भाषा आहे, त्यामुळे ‘अतुम्पान’ नावाच्या जोडढोलांवर शब्दच्या शब्द वाजविता येतात, आणि हे ढोल अशा विधींत बोलत असतात. पुरुष रडत नाही, ढोल रडतो. ज्या समाजात “मृत्यूची शिडी एकट्याच माणसाने चढावयाची नसते”, ज्या समाजात “आई गेली की तुझे कूळच संपले” असे म्हणतात, त्याने दुःखाला बंदी घातलेली नाही. त्याने कोणी, केव्हा, कोणत्या वाद्यावर रडावे ह्याची वाटणी केली आहे.

येथवर आल्यावर मला माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येईल. अकान म्हणी ‘तुला काय वाटते?’ हा प्रश्न फारसा विचारीत नाहीत. ‘तुझे वाटणे कोणाच्या अंगावर पडणार आहे?’ हे त्या विचारतात. भावना ही त्यांच्या लेखी माणसाच्या आत घडत असली, तरी तिची किंमत माणसांच्या मध्ये ठरते. २०१८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी ह्याच म्हणींतून भावनेच्या प्रदर्शनाचे आणि नियमनाचे संकेत शोधणारा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणींकडे आता शास्त्रही ह्या नजरेने पाहू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि येथेच थांबलो तर मी वकील होईन, टीकाकार राहणार नाही. वाटणी म्हटली की ती कोणी केली हे विचारावेच लागते. म्हण हे थोरांचे शस्त्र आहे. लहानाने थोरांसमोर म्हण वापरावयाची तर आधी क्षमा मागण्याची रीत आहे. “घरची गोष्ट म्हणजे चारचौघांत वाळत घालण्याची चिंधी नव्हे,” ही अकान म्हण घराची अब्रू राखते. पण त्याच चिंधीखाली एखाद्या सुनेचा, एखाद्या अनाथ भाच्याचा हुंदकाही झाकला जात असेल. अप्रतिष्ठेपेक्षा मरण बरे, हे वचन रणांगणावर शोभून दिसले तरी, एका चुकीने खचलेल्या तरुणाच्या कानावर ते पडू नये असेच कोणीही म्हणेल. कोंबडीचा पाय पिल्लाला मारीत नाही, हे कोंबडीचे म्हणणे आहे. पिल्लाला विचारून ही म्हण केलेली नाही.

परंतु ह्या परंपरेची थोरवी अशी, की तिने आपल्यावरील टीकाही म्हणीतच सांभाळून ठेवली. “कूळ प्रेम करते ते प्रेतावर.” तीन शब्दांची ही ट्वी म्हण घानात सर्वतोमुखी आहे. माणूस जिवंत असताना औषधाला पैसा निघत नाही, आणि मेल्यावर मात्र भारी शवपेटी, वाजंत्री, मेजवानी! ज्या समाजाने शोकाची इतकी देखणी रचना केली, त्यानेच त्या रचनेतला पोकळ भाग बोट ठेवून दाखविला. म्हणून कोणत्याही लोकसमूहाची भावना एका म्हणीवरून ठरवू नये. तिच्यासमोरची म्हण कोणती, ते शोधावे.

लाकडात रुतलेल्या काट्यासमोरची म्हण मला बऱ्याच शोधानंतर सापडली. अकान विचारतात, रानात हरणे जोडीने का हिंडतात? आणि उत्तर देतात: “‘माझ्या डोळ्यांत फुंकर घाल’ म्हणता यावे, म्हणून दोन हरणे बरोबर चालतात.” डोळ्यांत कण गेला तर हरणाला तो स्वतः काढता येत नाही. आणि ज्या भाषेत आनंद म्हणजे डोळ्याला लाभणे, लाज म्हणजे डोळा मरणे, त्या भाषेत डोळ्यांत फुंकर घालणारा सोबती म्हणजे काय, हे मी अधिक फोडून सांगावयास नको.

ते पहिले पुस्तक मी अजून जवळ ठेवले आहे. लाकडाच्या म्हणीपाशी समासात मी त्या दिवशी ‘किती हे कोरडेपण!’ असा शेरा मारला होता. तो मी खोडलेला नाही. त्याच्याखाली फक्त हरणांची म्हण लिहून ठेवली आहे.